हे आलं कुठून? सुपरमार्केटमधल्या ताज्या मालाच्या उगमाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फळं, भाज्या, अंडी, दूध, मांस, मासे यांच्यावर हल्ली बरंच काही छापलेलं असतं. देशाचं नाव, शेताचं नाव, हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो, मोबाइलने स्कॅन करायचा चौकोनी कोड. यातल्या कशावर किती विसंबायचं, याबद्दल हमखास येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

माल कुठून आला हे सुपरमार्केटला तरी माहीत असतं का?

असतं, पण आपण समजतो तसं नाही. दुकानाच्या संगणकात 'अमक्या शेतकऱ्याचे टोमॅटो' अशी नोंद क्वचितच सापडेल. तिथे पुरवठादाराचं नाव, लॉट नंबर (एकत्र भरलेल्या मालाच्या खेपेचा क्रमांक) आणि माल गोदामात उतरल्याची तारीख असते. त्या लॉटमागे कोणतं पॅकहाउस (शेतमाल निवडून पेट्यांत भरायची जागा) आहे ते पुरवठादाराला माहीत, आणि त्या दिवशी कोणकोणत्या शेतांतून आवक झाली ते पॅकहाउसला. माहिती अशी तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असते आणि प्रत्येकाच्या हातात आपापला तुकडा असतो.

कायद्याचीही अपेक्षा साधारण एवढीच असते. युरोपीय संघाचा अन्नविषयक मूलभूत कायदा (१७८/२००२) सांगतो की, धंद्यातल्या प्रत्येकाला आपण माल कुणाकडून घेतला आणि कुणाला दिला हे दाखवता आलं पाहिजे. एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे. ही अट १ जानेवारी २००५ पासून लागू आहे. अख्खी साखळी एका माणसाला तोंडपाठ असावी असं तो कायदा म्हणत नाही. त्यामुळे भाजी विभागातल्या मुलाने 'माहीत नाही' म्हटलं तर त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. त्याच्यापर्यंत ती माहिती बहुधा पोचवलेलीच नसते.

शेतापासून शेल्फपर्यंत ही माहिती मालाबरोबर येते कशी?

काढणी होतानाच क्रेटला चिठ्ठी लागते. तीवर शेताचा किंवा प्लॉटचा क्रमांक, वाण, तारीख आणि काही ठिकाणी तोडणाऱ्या टोळीचाही क्रमांक असतो. पॅकहाउसच्या दारात वजन होतं, आवक नोंदली जाते. पुढे माल धुवून प्रतवारीच्या पट्ट्यावर जातो, आणि खरी परीक्षा तिथे आहे.

एका शेताचा माल संपल्यावर पट्टा पूर्ण रिकामा केला आणि मगच दुसऱ्या शेताचा सोडला, तर पलीकडून निघणाऱ्या पेटीला शेताची ओळख राहते. माल सलग सोडत गेलं, तर एकाच पेटीत दोन-चार शेतांची फळं येतात. मग लॉट नंबरवरून एवढंच कळतं की माल या दिवशी या पॅकहाउसमधून निघाला. पट्टा रिकामा करायचा म्हणजे यंत्र थांबवायचं, माणसं बसवून ठेवायची. म्हणून ज्या मालावर शेताचं नाव द्यायचं ठरलेलं असतं त्याचीच ओळख कटाक्षाने वेगळी ठेवली जाते. बाकीच्या मालाचा प्रदेश किंवा देश तेवढा टिकवला जातो.

पॅक झालेल्या पेटीवर लेबल लागतं. त्यावरच्या क्रमांकांची पद्धत जीएस१ ही आंतरराष्ट्रीय संस्था ठरवते: उत्पादनाचा क्रमांक, लॉट, पॅकिंगची तारीख. पेट्या पॅलेटवर, म्हणजे माल उचलायच्या सपाट चौकटीवर, रचल्या की पॅलेटला स्वतःचा क्रमांक मिळतो. शीतगृहातून निघताना स्कॅन, वितरण गोदामात उतरताना स्कॅन, दुकानाच्या मागच्या दारात पुन्हा स्कॅन. इथपर्यंत सहसा काही बिघडत नाही.

मग गोंधळ होतो कुठे?

शेवटच्या दहा पावलांत.

दुकान उघडायच्या आधी सुट्या भाज्यांच्या विभागात काय चालतं ते पाहण्यासारखं असतं. कामगार मागच्या खोलीतून ट्रॉलीवर पुठ्ठ्याच्या पेट्या घेऊन येतो. पेटीच्या अरुंद बाजूला बोटभर रुंदीचं पांढरं लेबल असतं, त्यावर देश, पॅकहाउस, लॉट, सगळं. शिस्तीचा माणूस असेल तर तो कालचे उरलेले टोमॅटो बाजूला काढतो, नवे खाली ओततो, जुने वर मांडतो. घाई असेल तर नवे सरळ जुन्यांवर ओततो. मग पेटी चपटी करून पुठ्ठा दाबायच्या यंत्राकडे पाठवतो. लेबलही तिच्याबरोबर गेलं. आता मालाचा देश सांगायला उरते ती शेल्फवरची पाटी, आणि ती कदाचित गेल्या आठवड्यात लावलेली असते.

हंगाम पालटताना हे सर्वांत जास्त घडतं. एका गोलार्धातली फळं संपत आलेली असतात, दुसऱ्यातली सुरू होत असतात, आणि मधले काही दिवस दोन्हीकडच्या पेट्या एकाच गाडीतून उतरतात. पाटी एकच, माल दोन देशांचा. फसवायचा हेतू यात बहुतेकदा नसतो, पाटी बदलायला कुणाला उसंत नसते इतकंच. पण ग्राहकाच्या हाती चुकीची माहिती पडायची ती पडतेच, आणि जिथे देश लिहिणं बंधनकारक आहे तिथे तो कायद्याचा भंगही ठरतो.

काही दुकानं यावर साधा तोडगा काढतात. माल पेटीसकट मांडतात. दिसायला ते तितकं देखणं नसतं, रंगीत फळांचे उतरते ढीग रचता येत नाहीत, पण लेबल मालाशेजारी राहतं. इलेक्ट्रॉनिक पाट्यांचा पर्यायही आहे, ज्यांच्यावरचा मजकूर संगणकावरून बदलता येतो. मला पेटीचं लेबल जास्त भरवशाचं वाटतं, कारण ते माल भरला त्याच जागी चिकटवलेलं असतं.

बारकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवरून देश ओळखता येतो ना?

नाही. हा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि दर वेळी नव्या देशाच्या नावाने फिरतो. सुरुवातीचे आकडे सांगतात की कंपनीने आपला क्रमांक जीएस१च्या कोणत्या देशातल्या शाखेकडून घेतला. ४०० ते ४४० जर्मनी, ४५ आणि ४९ जपान, ८९० भारत, असं ते वाटप आहे. जर्मनीत नोंदलेल्या कंपनीने दुसऱ्या खंडातली फळं विकली तरी बारकोड ४०० च्या घरातलाच राहतो.

मुळात बारकोड आला तो गल्ल्यावरचं काम झटपट व्हावं म्हणून. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय इथल्या सुपरमार्केटमध्ये च्युइंग गमच्या पाकिटावर तो पहिल्यांदा स्कॅन झाला. त्यात वस्तूची ओळख असते, तिच्या प्रवासाची नसते. आता रेघांच्या जागी चौकोनी, द्विमितीय कोड आणायचं काम चालू आहे. २०२७ अखेरपर्यंत जगभरच्या गल्ल्यांवर ते वाचता यावेत असं जीएस१चं उद्दिष्ट आहे. त्या कोडमध्ये लॉट आणि वापराची मुदत सामावते. म्हणजे परत मागवलेल्या लॉटचं पाकीट गल्ल्यावर आलं तर यंत्र ते विकूच देणार नाही, अशी व्यवस्था करता येते. ग्राहकाला गोष्टी सांगण्यापेक्षा मला हा उपयोग मोठा वाटतो.

आणि फळावरच्या बारक्या स्टिकरचा आकडा?

तोही गल्ल्यासाठीच असतो. ४०११ म्हणजे साधं पिवळं केळं, मग ते कुठल्याही देशातलं असो. आकडा पाच अंकी असून ९ ने सुरू होत असेल तर माल सेंद्रिय म्हणून विकला जातो आहे. '८ ने सुरू झाला तर जनुकीय बदल केलेलं' हेही असंच ढकलत आलेलं ज्ञान. ८ हा आकडा त्यासाठी राखून ठेवला होता खरा, पण दुकानांत तो त्या अर्थाने वापरात आला नाही.

स्टिकरवर देशाचं नाव स्वतंत्र छापलेलं असेल तर ते मात्र जरूर वाचावं. स्टिकर फळालाच चिकटलेलं असल्याने पाटीपेक्षा जास्त खरं. डोल कंपनीने सेंद्रिय केळ्यांच्या स्टिकरवर तीन अंकी शेत-क्रमांक छापायला सुरुवात केली होती. तो संकेतस्थळावर टाकला की शेताची माहिती समोर यायची. इवल्याशा कागदावर याहून जास्त काही मावणं कठीण.

उगम सांगणं दुकानांवर बंधनकारक आहे का?

देशागणिक आणि मालागणिक उत्तर बदलतं. नियम कसे आले ते पाहिलं की त्यांचा विस्कळीतपणा समजतो, कारण जवळजवळ प्रत्येक नियमामागे कसली तरी भीती किंवा भांडण आहे.

मार्च १९९६ मध्ये ब्रिटिश सरकारने गाईंमधल्या 'मॅड काउ' रोगाचा माणसांतल्या जीवघेण्या मेंदूविकाराशी संबंध असू शकतो हे मान्य केलं, आणि गोमांसावरचा लोकांचा विश्वास उडाला. त्यातून युरोपीय संघाचा १७६०/२००० हा नियम आला. जनावर कुठे जन्मलं, कुठे वाढलं, कुठे कापलं गेलं, हे सगळं गोमांसाच्या लेबलवर लिहायचं. डुक्कर, मेंढी, शेळी आणि कोंबडी यांच्या ताज्या मांसाला वाढ आणि कत्तल यांचे देश लिहिण्याची अट १ एप्रिल २०१५ पासून लागली. बहुतेक ताज्या फळभाज्यांवरही तिथे देश लिहावा लागतो.

जपानमध्ये तोच रोग सप्टेंबर २००१ मध्ये सापडला. जपानने २००३ साली कायदा करून प्रत्येक गुराला १० अंकी क्रमांक दिला. तो गोठ्यापासून दुकानातल्या पाकिटापर्यंत सोबत जातो. ग्राहकाने तो सरकारी संकेतस्थळावर टाकला की जनावराची जन्मतारीख, जात, ते कुठे कुठे वाढलं आणि कधी कापलं गेलं हे दिसतं. मालाच्या उगमाची इतकी नेमकी आणि तरीही इतकी साधी सोय दुसऱ्या कुठल्या ताज्या पदार्थाला क्वचितच मिळाली असेल.

अमेरिकेची कथा उलटी. २००२ च्या शेती कायद्यात मूळ देश लिहिण्याची तरतूद झाली. मासळीला ती २००५ मध्ये आणि मांस, फळं, भाज्यांना २००९ मध्ये लागू झाली. कॅनडा आणि मेक्सिको जागतिक व्यापार संघटनेत गेले. त्यांचं म्हणणं असं की, या लेबलमुळे आमची जनावरं वेगळी ठेवावी लागतात, म्हणून अमेरिकी कत्तलखाने ती घ्यायचंच टाळतात. ते खटला जिंकले, वर्षाला सुमारे १ अब्ज डॉलरचं प्रतिशुल्क (बदल्यादाखल आयातीवरचा कर) लावायची मुभा त्यांना मिळाली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने गोमांस व डुकराच्या मांसापुरता तो नियम मागे घेतला. फळं, भाज्या, मासे, कोंबडी यांना तो अजून आहे. त्यातही पळवाट आहेच. गोठवलेल्या नुसत्या मटारच्या पाकिटावर देश लिहावा लागतो. मटारमध्ये गाजर मिसळलं की तो 'प्रक्रिया केलेला पदार्थ' होतो आणि अट गळून पडते.

वाचायला सर्वांत सोपं लेबल मला ऑस्ट्रेलियाचं वाटतं. १ जुलै २०१८ पासून तिथे बहुतेक स्थानिक खाद्यपदार्थांवर त्रिकोणातला कांगारू आणि त्याखाली एक आडवी पट्टी असते. ऑस्ट्रेलियन घटकांचं प्रमाण जितकं, तितकी पट्टी भरलेली. लेबल वाचायला चश्मा शोधावा लागत नाही.

'इथे पॅक केलं' आणि 'इथे पिकवलं' यात फरक आहे का?

जमीन-अस्मानाचा. परदेशातून पोत्यांनी आलेला माल इथे पाव किलोच्या पिशव्यांत भरला, तरी 'इथे पॅक केलं' हे खरंच असतं. युरोपात दूध, चीज, मांस यांच्या पाकिटांवर एक लंबगोल मोहोर असते, त्यात देशाची अक्षरं आणि एक क्रमांक. बरेच लोक ती उगमाची खूण समजतात. ती मोहोर ज्या कारखान्यात माल शेवटचा हाताळला किंवा पॅक झाला त्याची असते. गाय कुठे चरली हे त्यावरून कळत नाही.

वाचताना क्रियापदाकडे लक्ष ठेवावं. पिकवलं, वाढवलं, पकडलं हे एकीकडे. पॅक केलं, आयात केलं, वितरित केलं हे दुसरीकडे. मोठ्या अक्षरांत झेंडा आणि बारीक अक्षरांत 'पॅक केलं' असेल तर बारीक अक्षरं खरी धरावीत.

अंड्यावरच्या शिक्क्याचं काय?

तो उत्तम. युरोपीय संघात अंड्याच्या कवचावरच छापलेला असतो. पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो: ० सेंद्रिय, १ मोकळ्यावर फिरणारी, २ बंद शेडमध्ये पण पिंजऱ्याबाहेर, ३ पिंजऱ्यातली. पुढे देशाची दोन अक्षरं, त्यापुढे फार्मचा क्रमांक. पाकीट फेकून दिलं, अंडी फ्रीजच्या कप्प्यात मिसळली, तरी प्रत्येक अंडं आपला पत्ता सांगतं. सुट्या फळभाजीला असं काही करता आलं असतं तर हे पान निम्मं झालं असतं.

पाकिटावरचा शेतकरी खरा असतो का?

कधी असतो, कधी छायाचित्रांच्या साठ्यातून विकत घेतलेला मॉडेल असतो. शेताचं नावही नेहमी खरं असेल असं नाही. ब्रिटनमधल्या टेस्को या सुपरमार्केट साखळीने मार्च २०१६ मध्ये ताज्या मालासाठी सात नवे ब्रँड आणले. रोझडीन फार्म्स, वुडसाइड फार्म्स, बॉसवेल फार्म्स अशी नावं, अगदी गावाकडची. या नावांनी माल पुरवणारं एकेक शेत असं नव्हतंच. माल अनेक ठिकाणांहून यायचा, काही परदेशातूनही. तिथल्या राष्ट्रीय शेतकरी संघटनेने याविरुद्ध तक्रार केली. मूळ देश पाकिटावर छापलेला असल्याने कायद्याचा मुद्दा वादाचा राहिला. माझ्या मते वाद घालण्यासारखं फारसं काही नव्हतं. शेताचं नाव छापायचं ते ग्राहकाने शेत डोळ्यासमोर आणावं म्हणूनच ना?

याच्या दुसऱ्या टोकाला जपानी सुपरमार्केट आहेत. तिथे भाजीच्या पिशवीवर उत्पादकाचा फोटो आणि नाव ही जुनी, रुळलेली पद्धत आहे. अनेक दुकानांत जवळपासच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कोपरा असतो, जिथे भाजीसोबत तिच्या मालकाचं नाव विकायला बसतं. भाजी खराब निघाली तर कुणाची ते लगेच कळतं, आणि शेतकऱ्यालाही ते ठाऊक असतं.

खरं-खोटं ओळखायचा एक ठोकताळा: नाव कायम तेच आणि मालाचा देश मात्र हंगामानुसार बदलतो, असं दिसलं की तो ब्रँड आहे, शेत नव्हे.

क्यूआर कोड स्कॅन केला तर काय दिसायला हवं?

हातातल्या पाकिटाबद्दल काहीतरी. सगळी मेख इथेच आहे. बहुतेक कोड उघडले की धुक्यातल्या टेकड्यांचा व्हिडिओ आणि 'आमची मूल्यं' असा मजकूर समोर येतो. तोच कोड सहा महिन्यांनी स्कॅन केला तरी तेच दिसतं, कारण तो सगळ्या पाकिटांवर एकच छापलेला असतो.

कामाचा कोड लॉटनुसार बदलतो किंवा निदान लॉट नंबर टाकायला सांगतो. फ्रान्सच्या कारफूर या साखळीने २०१८ मध्ये ओव्हेर्न्य भागातल्या मोकळ्यावर वाढवलेल्या कोंबड्यांपासून अशी व्यवस्था सुरू केली. कोड स्कॅन केला की कोंबडी कुठे वाढली, काय खाल्लं, कुठे कापली गेली हे दिसतं. दोन वेगवेगळ्या तारखांची पाकिटं शेजारी ठेवून दोन्ही कोड स्कॅन करून पाहा. पान अक्षरशः सारखंच निघालं तर ती जाहिरात आहे.

पण ग्राहकाला एवढं खोलात जाऊन करायचंय काय?

रोजच्या दिवशी काही नाही. माल दूषित निघाला की मात्र या सगळ्याचा हिशोब होतो.

२० नोव्हेंबर २०१८ रोजी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने देशभर इशारा दिला: रोमेन लेट्युस (सॅलडमध्ये कच्चा खातात तो पाला) खाऊ नका, विकू नका, घरात असेल तर फेकून द्या. कुठल्याही शेतातलं, कुठल्याही ब्रँडचं. ई. कोलाय जिवाणूची लागण झाली होती आणि कोणत्या भागातला पाला दूषित आहे ते पाकिटं पाहून सांगता येत नव्हतं. ज्यांच्या शेतांचा त्या साथीशी काडीचा संबंध नव्हता त्यांचाही माल गेला. काही दिवसांत संशय कॅलिफोर्नियाच्या मध्य किनारपट्टीपुरता आला, आणि अन्न व औषध प्रशासनाने उत्पादकांशी बोलून मार्ग काढला. पाकिटावर कापणीचा प्रदेश आणि तारीख असेल तर बाकीच्या भागांतलं लेट्युस विकता येईल. आज तिथल्या लेट्युसच्या पाकिटांवर प्रदेश दिसतो तो या घटनेमुळे. लेबलमुळे ग्राहकाचं पोट वाचतं आणि निर्दोष शेतकऱ्याचं पीकही.

त्याच अमेरिकेत पालेभाज्या, टोमॅटो, अंडी यांसारख्या जोखमीच्या मालाच्या हालचालीच्या सविस्तर नोंदी ठेवून त्या सरकारने मागितल्यावर २४ तासांत द्याव्या, असा नियम २०२२ मध्ये झाला. पालनाची मुदत आधी जानेवारी २०२६ होती, नंतर ती ३० महिन्यांनी पुढे गेली. साखळीतल्या लहानसहान गोदामांना अजून कागदाच्या वह्यांतून बाहेर यायचं आहे, हे एक मोठं कारण.

ब्लॉकचेनमुळे हा प्रश्न सुटला ना?

ब्लॉकचेन म्हणजे अनेकांनी मिळून ठेवलेली, मागाहून बदलता न येणारी संगणकी नोंदवही. तिच्यामुळे शोधायचा वेग वाढला, हे निर्विवाद. वॉलमार्ट या अमेरिकी सुपरमार्केट साखळीने आयबीएम या संगणक कंपनीबरोबर केलेल्या प्रयोगात कापलेल्या आंब्याच्या एका पाकिटाचं मूळ आधी जुन्या पद्धतीने शोधलं. त्याला ६ दिवस १८ तास २६ मिनिटं लागली. नोंदी ब्लॉकचेनवर आल्यावर तेच काम २.२ सेकंदांत झालं. २०१८ मध्ये वॉलमार्टने पालेभाज्यांच्या पुरवठादारांना या व्यवस्थेत यायला सांगितलं.

पण ब्लॉकचेन नोंद बदलू देत नाही एवढंच, नोंद खरी होती का हे ती पाहत नाही. पॅकहाउसमध्ये कुणी चुकीच्या शेताचा क्रमांक टाकला तर ती चूक कायमची आणि छेडछाड-मुक्त होऊन बसते. शिवाय २.२ सेकंदांमागचं खरं श्रेय सगळ्यांनी एकाच पद्धतीने, एकाच साच्यात माहिती भरली याला आहे. ते साध्या डेटाबेसवरही जमलं असतं, असं म्हणणारे जाणकार बरेच आहेत आणि मला त्यांचं पटतं.

माशांना तर शेत नसतं. मग?

मग समुद्राचा भाग सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जगातल्या पाण्यांचे क्रमांकित विभाग पाडले आहेत. २७ म्हणजे ईशान्य अटलांटिक, ५१ म्हणजे पश्चिम हिंदी महासागर. युरोपीय संघात ताज्या मासळीच्या लेबलवर माशाचं शास्त्रीय नाव, तो समुद्रात पकडला की तळ्यात वाढवला, कुठल्या भागात आणि कोणत्या प्रकारच्या जाळ्याने किंवा गळाने, हे सगळं द्यावं लागतं. शास्त्रीय नावाचा आग्रह योग्यच आहे, कारण एकदा साल काढून काप केले की महागाचा मासा आणि स्वस्तातला मासा भल्याभल्यांना ओळखता येत नाहीत.

कुणी धडधडीत खोटा देश लिहिला तर पकडता येतं?

बऱ्याचदा येतं. पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण अक्षांश, उंची, समुद्रापासूनचं अंतर यांप्रमाणे बदलतं. जमिनीखालच्या खडकाप्रमाणे स्ट्रॉन्शियम या धातूच्या समस्थानिकांचं बदलतं. वनस्पती तेच पाणी पिते, त्याच मातीतून खनिजं घेते, त्यामुळे तो ठसा फळात उतरतो. ज्ञात ठिकाणांचे नमुने आधी गोळा केलेले असले की संशयित माल त्यांच्याशी ताडून पाहता येतो. 'हा नक्की याच शेतातला' असं ही चाचणी क्वचित सांगते. 'तुम्ही म्हणता तिथला नाही' हे ती बरंच खात्रीने सांगू शकते, आणि लबाडी पकडायला तेवढं पुरतं.

डीएनए चाचणी जात ओळखते, जागा नव्हे. जानेवारी २०१३ मध्ये आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 'बीफ' म्हणून विकल्या जाणाऱ्या बर्गरमध्ये घोड्याचं मांस सापडल्याचं जाहीर केलं, ते अशाच चाचणीतून. एका नमुन्यात ते २९ टक्के होतं. कागदोपत्री साखळी व्यवस्थित होती. म्हणून कागद तपासणाऱ्याने अधूनमधून मालही तपासावा लागतो.

जवळून आलेलं म्हणजे पर्यावरणाला चांगलं, असं धरायचं का?

सरसकट नको. २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास आला. त्यानुसार अन्नामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा साधारण ६ टक्के निघतो. काय पिकवलं आणि कसं पिकवलं याचा वाटा कितीतरी मोठा. जहाजाने आलेलं फळ जवळच्या तापवलेल्या हरितगृहातल्या फळापेक्षा हलकं ठरू शकतं. विमानाने आलेला नाजूक माल मात्र खरोखर जड पडतो, आणि तो विमानाने आला हे लेबलवर सहसा लिहीत नाहीत. जवळचा माल घ्यायला इतर कारणं पुष्कळ आहेत: चव, ताजेपणा, ओळखीचा शेतकरी.

देश कळला, पण ताजं आहे का हे कसं कळणार?

त्यावरून नाही कळणार. सफरचंदं थंड, ऑक्सिजन १ ते ३ टक्क्यांवर आणलेल्या बंद खोल्यांत महिनोन्‌महिने राहतात, काही वाण जवळपास वर्षभर. केळी हिरवीच काढून १३-१४ अंशांवर जहाजातून आणतात आणि पोचल्यावर इथिलीन वायू देऊन पिकवतात. यात अपायकारक काही नाही. पण उगमाच्या जोडीने काढणीची तारीखही छापली तर ग्राहकाला जास्त कळेल. दुकानं ती छापायला नाखूश असतात, आणि का ते उघड आहे.

शेतकऱ्याला यातून काय मिळतं?

नाव झालं तर सौदा करताना थोडा जोर येतो, कारण नावाने मागणी असलेला पुरवठादार एका फोनवर बदलता येत नाही. एरवी त्याच्या वाट्याला प्रामुख्याने कागदपत्रं येतात. १९९७ मध्ये युरोपीय किरकोळ विक्रेत्यांनी शेती कशी करावी याची युरेपगॅप ही मानकं सुरू केली, आज ती ग्लोबलगॅप म्हणून ओळखली जातात. प्रमाणित उत्पादकाला १३ अंकी क्रमांक मिळतो आणि त्यावरून त्याची नोंद तपासता येते. फवारणीची वही, पाण्याची तपासणी, मजुरांच्या सोयी, वार्षिक तपासणीचं शुल्क, हे सगळं त्याने सांभाळायचं. हा खर्च दरात मिळाला नाही, तर दुकानाची प्रतिष्ठा शेतकऱ्याच्या पैशाने उभी राहते. उगमाच्या गोष्टी अभिमानाने सांगणाऱ्या साखळ्यांना मी तरी आधी हाच प्रश्न विचारेन.

दुकानात उभं राहून नेमकं काय विचारावं?

सुटा माल असेल तर 'याची पेटी दाखवता का?' एवढं पुरे. मागे पेट्या बहुधा असतातच. पाकीटबंद माल असेल तर लॉट नंबरचा फोटो काढून ग्राहक सेवेला पाठवा आणि विचारा की हा माल कोणत्या प्रदेशातला, कधी काढलेला. ज्यांच्याकडे नोंदी आहेत त्यांचं उत्तर दोन-चार दिवसांत, प्रदेशाच्या नावासह येतं. बाकीच्यांकडून 'आम्ही गुणवत्तेबाबत तडजोड करत नाही' असं पत्र येतं.